टी-टाइम घ्या, पण थेट कोर्सकडूनच

हे मी रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. राग बराचसा निवला आहे, पुरता गेलेला नाही. इथे कॅलिफोर्नियात माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी बायका अलीकडे गोल्फ खेळू लागल्या आहेत. कुणी ऑफिसातल्या मंडळींच्या आग्रहाने, कुणी मुलाला क्लासला नेता नेता स्वतःच शिकली म्हणून. भारतातून आलेल्या भावाला, वडिलांना ‘चला, इथला कोर्स दाखवते’ म्हणून नेणाऱ्याही पुष्कळ आहेत. मीही तेच करायला गेले होते. त्यातून मला काय मिळालं, तर कस्टमर केअरशी झालेल्या वांझोट्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि पाहुण्यांसमोर झालेली शोभा. तुमच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून हा खटाटोप.

ज्या कोर्सवर हे घडलं त्याचं नाव देत नाही, ज्या ॲपवर वेळ घेतली त्याचंही देत नाही. नावं दिली तर लोक तेवढ्या दोघांना टाळतील आणि बाकीच्यांकडे बेसावधपणे जातील. ही पद्धतच सगळीकडे रुळलेली आहे, आणि माझं भांडण त्या पद्धतीशी आहे.

माझा दादा सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात राहतो. गोल्फ तो छावणीच्या कोर्सवर शिकला. 2020 ची पीजीए चॅम्पियनशिप त्याने रात्रभर जागून टीव्हीवर पाहिली होती. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, सॅन फ्रान्सिस्कोतल्या हार्डिंग पार्कवर शुकशुकाट होता, आणि तेवीस वर्षांच्या कॉलिन मोरिकावाने शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर, पार चारच्या होलवर, एकाच फटक्यात चेंडू ग्रीनवर नेऊन ईगल केला. हा कोर्स शहराच्या उद्यान खात्याचा आहे, पैसे भरून कुणीही तिथे खेळू शकतं, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा दादाचा विश्वासच बसेना. ‘म्हणजे महापालिकेचा कोर्स? मेंबरशिप नाही, शिफारस नाही?’ त्याने दोनदा विचारलं.

त्याचं आश्चर्य बरोबरच होतं. आपल्याकडे गोल्फ म्हणजे मुंबईत विलिंग्डन, चेंबूरला प्रेसिडेन्सी, नाहीतर लष्कराची छावणी. आतला हिरवळीचा तुकडा आपण भिंतीबाहेरून बघायचा. सिडकोने खारघरला केलेल्या कोर्ससारखी ठिकाणं मोजकीच. इथे मात्र बसड्रायव्हर, शिक्षिका, निवृत्त पोस्टमन असे सगळे एकाच रांगेत उभे राहून खेळतात. या देशात आल्यावर मला ज्या गोष्टींचं मनापासून कौतुक वाटलं त्यांत सार्वजनिक गोल्फ कोर्स फार वरच्या क्रमांकावर आहे. म्हणूनच जे झालं ते जास्त लागलं.

आम्ही फ्रीमाँटला राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशांना हार्डिंगवर जो दर मिळतो तो आम्हाला मिळत नाही, आणि बाहेरच्यांसाठीचा दर ऐकल्यावर दादाच म्हणाला, ‘एवढ्यात माझी तिकडची वर्षाची फी भागते. राहू दे, दुसरीकडे कुठेतरी जाऊ.’ शनिवारी सकाळची वेळ सगळ्यांना हवी असते. त्यामुळे मी ॲपवर शोधलं. शहराच्याच मालकीच्या, बऱ्यापैकी नाव असलेल्या एका कोर्सवर सोयीची वेळ दिसली. पानावर मऊशार हिरव्या ग्रीनचा फोटो, वेळ, दर आणि बुकिंगचं शुल्क. पैसे आधीच भरायचे, परत मिळणार नाहीत, हेही लिहिलं होतं आणि ते मला मान्य होतं. ग्रीन्सबद्दल त्या पानावर एक अक्षर नव्हतं. हे मी खात्रीने सांगते, कारण पैसे भरताना स्क्रीनशॉट काढून ठेवायची मला सवय आहे आणि तो स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे.

शनिवारी आम्ही चौघं गेलो. मी, नवरा आणि दादा खेळणार, वहिनी गोल्फच्या गाडीत बसून बघणार. काउंटरवरच्या माणसाने वहिनीच्या नुसत्या बसण्याचे वेगळे पैसे लावले. तो इथला नियम आहे, मी वाद घातला नाही. ‘मजा करा’ म्हणाला, स्कोअरकार्ड दिलं. आमच्यात एक जागा रिकामी होती, तिथे त्यांनी एकट्या आलेल्या एका वयस्कर गृहस्थांना घातलं. हेही रीतीप्रमाणेच.

पहिला होल. दादाचा टी-शॉट सुरेख गेला, दुसरा त्याहून सुरेख. चेंडू ग्रीनवर पडला आणि विचित्र उसळी घेऊन बाजूला गेला. लांबून ग्रीन पांढुरकी दिसत होती. मला वाटलं सकाळचं दव असेल. जवळ गेल्यावर दिसलं ते असं: टोकापासून टोकापर्यंत, दोन-दोन इंचांवर, अर्ध्या इंचाची भोकं. त्यांत आणि त्यांच्यावर वाळू. पुरती चाळण झाली होती. दादा खाली बसला, बोटाने वाळू बाजूला केली आणि म्हणाला, ‘अगं, हे याच आठवड्यात पंच केलंय.’

ते गृहस्थ शेजारीच उभे होते. अगदी सहज म्हणाले, ‘हो, सोमवारी केलं. म्हणूनच तर आजचा दर उतरवलाय.’

मी विचारलं, ‘कुठला दर?’

त्यांनी आकडा सांगितला. आम्ही माणशी जे भरले होते त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यांनी दोन दिवस आधी काउंटरवर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने आपण होऊन सांगितलं की ग्रीन्स खराब आहेत, आम्ही कमी पैसे घेतोय, चालेल का? ते चालेल म्हणाले. माझा चेहरा बघून बिचारे ओशाळले. ‘तुम्हाला नाही सांगितलं?’ असं विचारून गप्प झाले.

ग्रीनला भोकं पाडण्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही. रोज शेकडो पावलं पडून ग्रीनखालची माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी झिरपत नाही, पृष्ठभागाखाली मेलेल्या गवताचा थर साचतो. म्हणून वर्षातून साधारण दोनदा, वसंतात आणि उन्हाळा सरताना, पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीच्या गोळ्या काढून वर वाळू पसरतात. याला इथे एरेशन म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत गवत भरून येतं आणि ग्रीन पूर्वीहून चांगली होते. ज्या कोर्सवर हे करत नाहीत तिथे वर्षभराने खेळण्यासारखं काही राहत नाही. पण तेवढे दिवस त्या ग्रीनवर पटिंग करणं म्हणजे नशिबाचा खेळ. चेंडू कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं. म्हणून तर प्रामाणिक कोर्स तेवढ्या काळात दर उतरवतात.

मला डसलं ते वेगळंच. त्याच सकाळी, त्याच वेळेला, त्याच चौकडीत दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाला खरं सांगितलं गेलं आणि सूट मिळाली. दुसरीला गुळगुळीत ग्रीनचा फोटो दाखवून पूर्ण पैसे घेतले गेले. म्हणजे माहिती त्यांच्याकडे होती. सोमवारपासून होती. काउंटरवर मी उभी असतानाही होती. गाडीत बसणाऱ्या वहिनीचे पैसे मागायला त्या माणसाचं तोंड उघडलं, ग्रीन्सबद्दल सांगायला उघडलं नाही. पुढच्या प्रत्येक ग्रीनवर दादा पटर हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, ‘जाऊ दे, दोन पट धरू आणि पुढे जाऊ.’ पाहुणा म्हणून तो माझी समजूत काढत होता, आणि मला ते अजूनच सहन होत नव्हतं.

नऊ होल झाल्यावर मी काउंटरवर गेले. बुकिंग माझ्या नावावर, पावती माझ्या फोनवर, प्रश्न मी विचारते आहे, आणि हा माणूस उत्तरं देतोय माझ्या नवऱ्याकडे बघून. नवऱ्याने दोनदा सांगितलं, ‘तिच्याशी बोला.’ तरी तेच. उत्तरं तीन मिळाली. पहिलं, एरेशनच्या तारखा आमच्या वेबसाइटवर असतात. दुसरं, तुम्ही ॲपला पैसे दिलेत, आमच्याकडे त्यातला डॉलरही आलेला नाही, त्यांना विचारा. तिसरं, तुम्ही नऊ होल खेळून आलात, आता काय बोलायचं? तिन्ही वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती. हा प्रश्न विचारणारी मी पहिली नव्हते हे त्यावरूनच कळलं.

ॲपच्या कस्टमर केअरने त्याच्यावर कडी केली. ‘मैदानाच्या स्थितीची जबाबदारी कोर्सची आहे.’ मी लिहिलं, कोर्स म्हणतो पैसे तुमच्याकडे आहेत. त्यांनी तेच वाक्य पुन्हा पाठवलं. नंतर पुढच्या बुकिंगवर दहा डॉलरची सूट देऊ केली, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच यायचं. बँकेत तक्रार केली. बँकेने सेवा वापरलेली आहे म्हणून अर्ज फेटाळला. कोर्सने ॲपकडे बोट दाखवायचं, ॲपने कोर्सकडे, बँकेने नियमाकडे.

मग मी खोदून माहिती काढली, आणि काउंटरवरचा माणूस इतका निर्विकार का होता ते कळलं. पुष्कळ कोर्स बुकिंगचं सॉफ्टवेअर अशा कंपन्यांकडून घेतात आणि त्याचं भाडं रोख देत नाहीत. त्याऐवजी रोजच्या एक-दोन वेळा कंपनीला देऊन टाकतात. कंपनी त्या वेळा स्वतः विकते, पैसे आधी घेते आणि ते सगळे पैसे तिचेच असतात. कोर्सच्या दृष्टीने तुम्ही आलात काय, नाही आलात काय, गल्ल्यात फरक पडत नाही. कोर्सचा माणूस तुम्हाला त्याचं गिऱ्हाईक मानतच नाही, आणि ॲपच्या माणसाने तो कोर्स डोळ्यांनी पाहिलेला नसतो. मैदान शहराचं आणि पैसे देणारे आपण, मात्र जाब विचारायचा कुणाला याचं उत्तर कुणाकडेच नाही.

इथल्या आपल्या मंडळींत ही हकीकत सांगितली तेव्हा एकाने लगेच ऐकवलं, ‘आधी फोन करायचा ना!’ त्यांना जे उत्तर दिलं तेच इथे देते. मालात खोट असेल तर ती विकणाऱ्याने सांगायची असते. पैसे देणाऱ्याने ती उकरून काढायची ही रीत कुठली? मी पान नीट वाचलं होतं, अटी वाचल्या होत्या. जे लिहिलंच नाही ते कसं वाचणार?

सार्वजनिक वेळांचा असा बाजार होणं ही माझ्या एकटीची तक्रार नाही. लॉस एंजेलिसमध्ये 2024 साली याहून मोठा गदारोळ झाला. तिथे शहराच्या कोर्सवरच्या चांगल्या वेळा दलाल पटापट अडवून ठेवत आणि वर पैसे लावून विकत. सामान्य खेळाडू पहाटे उठून बसले तरी हाती काही लागत नसे. लोकांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आणि शेवटी शहराने बुकिंग करतानाच माणशी दहा डॉलर परत न मिळणारी अनामत घ्यायला सुरुवात केली, म्हणजे वेळा अडवून ठेवणं महाग पडावं. बोलल्याने फरक पडतो, एवढं त्यातून घेण्यासारखं.

आता सल्ला. यातलं काही मी पैसे मोजून शिकले आहे, काही कुणीही सांगेल असं आहे.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: वेळ थेट कोर्सकडून घ्या. कोर्सची स्वतःची वेबसाइट किंवा काउंटरचा फोन. ॲप शोधण्यापुरतं वापरा. कुठे कधी जागा आहे ते ॲपवर बघा आणि मग कोर्सला फोन लावा. बहुतेक वेळा दर तोच असतो, ॲपचं शुल्क वाचतं आणि काही बिनसलं तर समोर बोलायला माणूस असतो. ॲपवरच घ्यायचं असेल तर ‘पैसे कोर्सवर द्या’ असा पर्याय असलेली वेळ घ्या. ‘आत्ताच पैसे भरा’ असं लिहिलेल्या स्वस्त वेळा बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

फोनवर विचारायचे प्रश्न लिहून घ्या. ग्रीन्स शेवटच्या कधी पंच केल्या, पुढच्या कधी करणार? गाडी फेअरवेवर नेता येते की फक्त रस्त्यावरून? चालत खेळता येतं का, की गाडी सक्तीची आहे? नुसतं बसणाऱ्याला पैसे आहेत का? एखादी ग्रीन तात्पुरती हलवली आहे का? हे प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं. उत्तर देणाऱ्याचं नाव विचारून टिपून ठेवा. आपलं नाव घेतलंय म्हटल्यावर माणूस नीट बोलतो.

दुसरं, मैदान खराब दिसलं तर पहिल्या ग्रीनवरूनच परत फिरा. नऊ होल झाल्यावर तुमच्या तक्रारीला कुणी विचारत नाही, बँकही नाही. एक-दोन होलच्या आत परतलात तर अनेक कोर्स पुढच्या वेळेसाठी रेन चेक देतात. पाहुणे बरोबर असताना परत फिरणं जड जातं, मला माहीत आहे. तरी फिरा. फोटो काढा. त्यात तारीख-वेळ येऊ द्या.

तिसरं, छुप्या शुल्काविषयी कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून कायदा आहे. सक्तीचं शुल्क जाहिरातीतल्या किमतीतच धरलेलं असावं लागतं, शेवटच्या पानावर अचानक जोडता येत नाही. तसं कुठे दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे तक्रार नोंदवा.

चौथं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ‘ट्वायलाइट’चा स्वस्त दर बघून दोनला सुरुवात केलीत तर अठरा होल होणार नाहीत, आणि उरलेल्या होलचे पैसे कुणी परत देत नाही. हिवाळ्यात सकाळी दहिवर पडलं की सुरुवात तासभर पुढे ढकलतात, तेही धरून चला. बाकी नेहमीचं: अर्धा तास आधी पोचा, पाणी घ्या, टोपी घाला. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैमध्येही स्वेटर न्या, धुकं आणि वारा अंगावर येतो.

कुठे जावं हेही सांगते, कारण नुसतं ‘जपून राहा’ म्हणून कुणाचं भलं होत नाही.

हार्डिंग एकदा तरी खेळावा. 1925 साली सुरू झालेला हा कोर्स मध्यंतरी इतका हलाखीत होता की 1998 साली शेजारच्या ऑलिंपिक क्लबवर यूएस ओपन झाली तेव्हा याच्या फेअरवेवर गाड्या लावल्या होत्या. शहरातले ज्येष्ठ गोल्फपटू सँडी टेटम यांनी पाठपुरावा केला, 2003 साली तो नव्याने उघडला, आणि पुढे टायगर वुड्सपासून मोरिकावापर्यंत सगळे तिथे जिंकून गेले. पैसे जास्त वाटत असतील तर त्याच आवारात फ्लेमिंग नावाचा नऊ होलचा छोटा कोर्स आहे. झाडं तीच, हवा तीच.

लिंकन पार्क जुना आणि डोंगरउताराचा आहे, निगा यथातथाच, पण सतराव्या होलवरून गोल्डन गेट पूल दिसतो. ही जागा पूर्वी शहराचं कब्रस्तान होती आणि चिनी समाजाचं एक अंत्यविधीचं स्मारक आजही कोर्सवर उभं आहे. शार्प पार्क आहे पॅसिफिका गावात, पण मालकी सॅन फ्रान्सिस्कोची. तो 1932 साली उघडला. आखणी ॲलिस्टर मॅकेंझी यांची, म्हणजे ज्यांनी ऑगस्टा नॅशनल आखला त्यांची. त्यांनी आखलेल्या मैदानावर सामान्य माणसाला परवडेल अशा पैशांत पाऊल ठेवता येतं, ही चैन जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मात्र पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तळ्याचं पाणी चढतं. तेव्हा फोन केल्याशिवाय जाऊ नका.

नवशिक्यांनी गोल्डन गेट पार्कमधला नऊ होलचा कोर्स गाठावा. सगळे होल पार तीनचे, समुद्र जवळ, दुरुस्तीनंतर 2024 साली पुन्हा उघडला. दक्षिणेकडच्यांना सनीव्हेलचा संकन गार्डन्स आणि कुपर्टिनोचा ब्लॅकबेरी फार्म सोयीचे. दोन्ही नऊ होलचे, दोन्ही शहरांच्या मालकीचे. सान होजे म्युनिसिपल सपाट आहे, चालत खेळायला उत्तम. पालो आल्टोचा बेलँड्स 2018 साली नव्याने उघडला. तिथे दुपारनंतर खाडीवरचा वारा सुटतो, म्हणून सकाळचीच वेळ घ्या. अलमीडाच्या कोरिका पार्कचा साउथ कोर्स त्याच वर्षी रीस जोन्स यांच्या आखणीने नवा झाला. बर्कलीच्या टेकड्यांतला टिल्डन दमवणारा, पण उन्हाळ्यात सावली देणारा. सँटा क्लाराचा सार्वजनिक कोर्स 2019 साली कायमचा बंद झाला. जुन्या याद्यांत तो अजून दिसला तर फसू नका.

‘पब्लिक’ लिहिलेला प्रत्येक कोर्स शहराचा नसतो, हेही लक्षात ठेवा. काही खाजगी मालकीचे असतात आणि फक्त सगळ्यांना खुले असतात. काही शहराचे असतात, पण चालवायला कंपनीला दिलेले असतात. मालकी शहराची असेल तर तक्रारीला दार असतं: उद्यान खातं, नगरपरिषद, त्यांच्या जाहीर बैठका. खाजगी असेल तर मालकाच्या भलेपणावर सोडावं लागतं.

मुलं खेळत असतील तर ‘यूथ ऑन कोर्स’ची नोंदणी जरूर करा. 2006 साली नॉर्दर्न कॅलिफोर्नियातच सुरू झालेल्या या योजनेत सहभागी कोर्सवर मुलांना पाच डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत खेळता येतं. मोठ्यांनी नॉर्दर्न कॅलिफोर्निया गोल्फ असोसिएशनचं (एनसीजीए) सभासदत्व घेतलं तर अधिकृत हँडिकॅप मिळतो.

दादा परत जायच्या आधी मी त्याला प्रेसिडिओला नेलं. ही वेळ मी स्वतः फोन करून घेतली, सगळे प्रश्न विचारले, आणि पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळी उत्तरं दिली. 1895 साली सुरू झालेला हा कोर्स शंभर वर्षं लष्करी तळाच्या आत होता. सैन्य 1994 साली गेलं आणि पुढच्या वर्षी तो जनतेला खुला झाला. निलगिरीच्या झाडांमधल्या त्या चढउतारावर दादा फार खूष होता. मैदानाबद्दल आधी जे सांगितलं होतं तेच तिथे दिसलं. गिऱ्हाइकाला याहून जास्त काही नको असतं.

शेवटी एक विनंती. तुमच्या शहराच्या कोर्सवर असा प्रकार घडला तर घरी बसून चरफडू नका. उद्यान खात्याला लेखी कळवा आणि एकच मागणी करा: एरेशनच्या तारखा आणि त्या काळातला उतरलेला दर, वेळ विकली जाते त्या प्रत्येक पानावर, पैसे घेण्याआधी दिसले पाहिजेत. मी माझं पत्र पाठवलं आहे. ते एकटं पडलं तर कपाटात जाईल, पन्नास पोचली तर बैठकीच्या विषयपत्रिकेवर येईल. आणि ते होईपर्यंत ॲपवर आगाऊ पैसे भरू नका.